आधी कान, मग तान

वाचकहो, संगीताविषयी लिहिण्याचा माझा अधिकार फार थोडा आहे. गुरुविद्यालयात असताना हार्मोनियमवर भक्तिगीतांची साथ करण्याइतपत बोटे वळू लागली, त्यापुढे माझी मजल गेली नाही. तरीही एका संगीतभेटीविषयी आज लिहीत आहे. त्या भेटीने माझ्यापुढे एक प्रश्न ठेवला आणि तो आजतागायत मला सोडायला तयार नाही. धर्मग्रामातील अनेक कुटुंबे तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मला विचारत असतात. कुणाची मुलगी हिंदू मुलाशी लग्न ठरवते, कुणाच्या मुलाला कचेरीतील सहकारी गणपतीच्या आरतीला बोलावतात, कुणाच्या शेजारी वेगळ्या पंथाचे कुटुंब राहायला येते. मग दबक्या आवाजात विचारणा होते, ‘फादर, दुसऱ्याचे इतके मनापासून ऐकत बसलो, तर आपले असे काय उरेल?’

प्रश्न साधा वाटतो, परंतु त्याच्या मुळाशी भीती आहे आणि ती भीती खोटी नाही. जे वाडवडिलांनी जिवापाड जपले ते आपल्या हातून निसटू नये, ही काळजी श्रद्धेचाच एक भाग आहे. म्हणून तिला हसून उडवून लावता येत नाही, तिला उत्तर द्यावे लागते.

1992 सालच्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सांता बार्बरा या गावी चार वादक एका चॅपेलमध्ये जमले. फ्रान्सिस्कन धर्मसंघाच्या सेंट अँथनीज सेमिनरीचे ते चॅपेल ख्रिस्तराजाच्या नावाने ओळखले जाते. दगडी भिंतींच्या त्या वास्तूत आवाज कसा घुमतो हे कविचंद्रन अलेक्झांडर या ध्वनिमुद्रकाने हेरले होते. आलेल्यांपैकी एक होते जयपूरचे पंडित विश्वमोहन भट्ट, पंडित रविशंकर यांचे शिष्य. गिटारला चिकारीच्या आणि तरफेच्या तारा जोडून त्यांनी स्वतःचे वाद्य सिद्ध केले आहे. त्याला ते ‘मोहनवीणा’ म्हणतात. दुसरे होते लॉस एंजेलिसचे राय कूडर. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या दुःखातून जन्मलेले ‘ब्लूज’ संगीत ते गिटारवर बोटात नळी चढवून वाजवतात. तबल्यावर होते पंजाबचे सुखविंदर सिंग नामधारी. चौथा होता कूडर यांचा मुलगा योआकिम. तो तेव्हा अवघा चौदा वर्षांचा होता आणि अरब देशांत वाजवला जाणारा ‘डुम्बेक’ हा चर्मवाद्याचा प्रकार घेऊन बसला होता.

भट्ट आणि कूडर यांची त्यापूर्वी कधी गाठ पडली नव्हती. त्यांची पहिली ओळख झाली आणि तासाभराच्या आत ध्वनिमुद्रण सुरू झाले. तालीम नाही, लिहिलेली स्वरलिपी नाही, कोण कधी थांबणार याचा करार नाही. त्या बैठकीतून चार रचना निघाल्या, सुमारे चाळीस मिनिटांच्या. ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ या नावाने त्या 1993 साली प्रसिद्ध झाल्या आणि 1994 साली त्यांना ग्रॅमी पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास गुरुविद्यालयातील एका मित्राने त्या ध्वनिमुद्रणाची कॅसेट कुठूनशी मिळवली आणि रात्रीच्या मौनाची वेळ होण्याआधी आम्ही काही जणांनी ती ऐकली. वेदीसमोर बसून एक हिंदू, एक शीख आणि दोन अमेरिकन वादक वाजवीत होते. आम्हा ब्रह्मज्ञानाच्या विद्यार्थ्यांना वादासाठी तेवढे निमित्त पुरेसे होते.

आमच्यातला एक जण म्हणाला, ‘‘तयारी न करता वाजवणे म्हणजे मनाला येईल ते वाजवणे. ह्यात कसली साधना?’’ हा समज बहुतेकांचा असतो. उत्स्फूर्त म्हणजे मोकाट, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात गोष्ट उलट आहे. ज्याचा रियाज कच्चा आहे त्याचे सगळे लक्ष स्वतःच्या बोटांकडे असते, दुसऱ्याकडे वळायला त्याच्यापाशी लक्ष शिल्लकच राहत नाही. रागाचे चलन ज्याच्या रक्तात उतरले आहे, बारा मात्रांचे आवर्तन ज्याला मोजावे लागत नाही, त्याचेच कान मोकळे असतात. हे चार वादक तासाभराच्या ओळखीवर वाजवू शकले, याचे कारण त्या तासामागे प्रत्येकाची वर्षानुवर्षांची मेहनत उभी होती. चौदा वर्षांचा तो मुलगासुद्धा वाद्यांच्या सहवासातच वाढला होता.

आपल्या ख्रिस्तसभेलाही हे नवे नाही. पॅरिस शहरातील त्रिनिते चर्चमध्ये ऑलिव्हिए मेसियाँ हे थोर फ्रेंच संगीतकार 1931 सालापासून 1992 साली निधन होईपर्यंत ऑर्गनवादक होते. कट्टर कॅथलिक वृत्तीचा हा मनुष्य रविवारच्या मिस्सेत त्या दिवसाच्या उपासनेला अनुसरून आयत्या वेळी ऑर्गनवर स्वररचना करीत असे. आता एक गंमत पाहा. मेसियाँ यांच्या संगीतात भारतीय देशी ताल आढळतात. ते त्यांनी शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथातील एकशे वीस तालांच्या यादीवरून घेतले. हा ग्रंथ तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादेला लिहिला गेला. मराठी मुलखात मांडलेला ताल सातशे वर्षांनी पॅरिसच्या चर्चमधील उपासकापर्यंत पोहोचला आणि त्याने त्यातून आपल्या प्रभूची स्तुती केली. ताल उसना घेतल्याने मेसियाँ कमी कॅथलिक झाले नाहीत. त्यांच्या श्रद्धेचे मूळ खोल होते, म्हणूनच त्यांना हात लांबवता आला.

माझ्या दुसऱ्या मित्राचा आक्षेप वेगळा होता. तो म्हणाला, ‘‘ही सगळी खिचडी. ना धड राग, ना धड ब्लूज.’’ आम्ही कॅसेट पुन्हा लावली. लक्ष देऊन ऐकले तेव्हा ध्यानात आले की कुणीच स्वतःचे सोडले नव्हते. भट्ट यांच्या मिंडीमध्ये गुरूंची तालीम स्पष्ट ऐकू येत होती. कूडर रागदारीचा आव आणीत नव्हते, आपली भाषा ते आपल्याच उच्चारात बोलत होते. मात्र एकाने वाक्य अर्धे सोडले की दुसरा ते उचलत होता, आणि उचलण्यापूर्वी क्षणभर थांबत होता. तो थांबलेला क्षण मला त्या रात्री सर्वांत मोलाचा वाटला.

शिवाय ‘स्वतःचे’ म्हणून आपण जे छातीशी धरतो, ते तरी कुठून आलेले असते? गिटार हवाई बेटांत पोहोचली ती एकोणिसाव्या शतकात, परदेशी गुराखी आणि खलाशी यांच्यामार्फत. तिथल्या लोकांनी तारांवर पोलादी तुकडा सरकवून वाजवण्याची कला वाढवली. विसाव्या शतकाच्या आरंभी ती अमेरिकेच्या मुख्य भूमीवर लोकप्रिय झाली. पुढे ताऊ मो नावाचे हवाईचे वादक 1940 च्या दशकात कोलकात्यात राहिले आणि तिथेही ती रुजली. ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग उभे केले. त्यानंतर भट्ट यांची मोहनवीणा आली. म्हणजे सांता बार्बराच्या त्या चॅपेलमध्ये अनोळखी म्हणून समोरासमोर बसलेले दोघे खरे पाहता एकाच घराण्याचे दूरचे चुलतभाऊ होते. दोघांच्याही हातातील विद्या कुणीतरी परक्याने आणून दिलेली होती.

आपल्या श्रद्धेचेही तसेच नाही का? आपण स्तोत्रे म्हणतो ती मूळची इब्री. शुभवर्तमान लिहिले गेले ग्रीक भाषेत. आपल्या आजी-आजोबांनी मिस्सा ऐकली ती लॅटिन भाषेतून. आणि मराठी ओवीत ख्रिस्तचरित्र प्रथम गाइले ते जन्माने इंग्रज असलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी, 1616 साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिस्तपुराणा’त. फादर स्टीफन्स गोमंतकात आले ते शिकवायला. परंतु शिकवण्यापूर्वी त्यांनी लोकांच्या तोंडची भाषा ऐकली, ओवीचे वळण ऐकले, पुराण सांगण्याची रीत ऐकली. त्यांनी कान दिला नसता तर आपल्याला ‘क्रिस्तपुराण’ मिळाले नसते. व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात निरनिराळ्या लोकांच्या संगीतपरंपरेला सन्मानाचे स्थान द्यावे असे सांगितले. परिषदेने सांगण्यापूर्वी साडेतीनशे वर्षे एका धर्मगुरूने काव्याच्या बाबतीत नेमके तेच करून ठेवले होते.

येथवर वाचल्यावर एखादा चाणाक्ष वाचक मला अडवील आणि त्याने अडवावेच. तो म्हणेल, ‘फादर, संगीताची गोष्ट निराळी आणि श्रद्धेची निराळी. मैफलीत राग खरा की ब्लूज खरा, असा प्रश्न कुणी विचारत नाही. धर्मात मात्र येशू हाच प्रभू आहे की नाही, या प्रश्नाला बगल देता येत नाही.’ हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. संगीताचा दाखला या ठिकाणी संपतो आणि तो पुढे ओढत नेणे अप्रामाणिकपणाचे होईल. चार वाद्ये जुळली म्हणून सर्व धर्म एकच आहेत असे सिद्ध होत नाही, आणि तसे म्हणणे हा सर्वच धर्मांचा अपमान आहे, कारण त्यात कुणाचेच नीट ऐकून घेतलेले नसते. 28 ऑक्टोबर 1965 रोजी घोषित झालेल्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात ख्रिस्तसभेने दोन गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्याचा ती अव्हेर करीत नाही, आणि ख्रिस्ताची घोषणा करण्याचे आपले कर्तव्यही ती सोडत नाही. आपण सोयीप्रमाणे यातले एकच वाक्य लक्षात ठेवतो.

मग त्या मैफलीपासून शिकायचे काय? माझ्या मते ती सत्याविषयी शिकवीत नाही, सत्य सांगण्याआधी अंगी असावयास हव्या अशा एका सद्गुणाविषयी शिकवते. एम्माऊसच्या वाटेवरचा प्रसंग आठवा. पुनरुत्थित प्रभू त्या दोन खिन्न शिष्यांना गाठतो. घडलेले सर्व त्याच्यावरच घडलेले आहे, त्याला ठाऊक नाही असे काहीच नाही. तरी तो आधी विचारतो, तुम्ही कशाविषयी बोलत आहात? ते त्याला त्याचीच कहाणी सांगतात, तीही अर्धवट आणि निराशेने भरलेली, आणि तो ती शेवटपर्यंत ऐकून घेतो. शास्त्राचा उलगडा तो त्यानंतर करतो. ज्याला सर्व ठाऊक होते त्याने ऐकले, आणि ज्यांना थोडेसे ठाऊक आहे ते आपण मात्र समोरच्याचे वाक्य पुरे होऊ देत नाही. पेन्टेकॉस्टच्या दिवसालाही आपण जिभांचा चमत्कार म्हणतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ पुन्हा उघडून पाहा. जमलेल्या प्रत्येकाने आपापल्या भाषेत ऐकले, यावर तेथे भर आहे. पवित्र आत्मा जिभेइतकाच कानांवरही उतरला होता.

वाचकहो, त्या चॅपेलविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा करणे मला योग्य वाटत नाही. ती मला पुष्कळ वर्षांनंतर कळली आणि त्या दिवसापासून ते संगीत मला पूर्वीसारखे ऐकता आलेले नाही. ती सेमिनरी 1987 साली बंद झाली होती. किशोरवयीन मुले धर्मगुरू होण्याच्या इच्छेने तेथे राहून शिकत असत. 1993 साली, ज्या वर्षी हे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, एका स्वतंत्र चौकशी मंडळाने आपला अहवाल जाहीर केला. 1964 ते 1987 या काळात अकरा धर्मबंधूंनी तेथील चौतीस मुलांवर लैंगिक अत्याचार केल्याचे त्यात नमूद होते. आवाज उत्तम घुमतो म्हणून ज्या वास्तूची निवड झाली, तिच्याच आवारात मुलांचा आवाज वर्षानुवर्षे कुणाच्या कानी पडला नव्हता.

वादकांचा याच्याशी काही संबंध नाही. संबंध आहे तो माझ्यासारख्यांशी. ऐकणे म्हणजे गोड ते ऐकणे, असा समज करून घेणे सोपे असते. परधर्मीयाच्या सतारीला दाद देण्यात मोठे धैर्य लागत नाही. आपल्या घराची, आपल्या संस्थेची, आपल्या झग्याची अब्रू ज्या आवाजाने धोक्यात येते तो आवाज ऐकताना कानांची खरी परीक्षा होते. सुसंवाद हवा म्हणून बेसूर वाटणाऱ्याला गप्प बसवणे, हा सुसंवाद नव्हे. संगीत जाणणाऱ्यांना विचारा, तार उतरली आहे हे ज्याला ऐकू येत नाही त्याला ती जुळवताही येत नाही. कुटुंबात ‘आमच्या घरात कधी भांडण होत नाही’ असे अभिमानाने सांगणारे लोक भेटतात तेव्हा मी मनातल्या मनात विचारतो, त्या घरात कुणाला बोलायची परवानगी नाही?

दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वी स्वतःचे सांगतो. माझ्या पूर्वीच्या एका धर्मग्रामात गायकवृंदात व्हायोलिन वाजवणारे एक गृहस्थ होते. मितभाषी, कामाला तत्पर. एके संध्याकाळी ते धर्मगुरुनिवासात आले. ‘‘फादर, जरा बोलायचं होतं,’’ एवढेच म्हणाले. त्यांच्या मुलीने हिंदू मुलाशी विवाह ठरवल्याचे माझ्या कानी आलेच होते. त्यांना पुढचे वाक्य जुळवायला वेळ लागत होता. मला मात्र वेळ लागला नाही. महागुरूंची परवानगी कशी मिळते, अर्ज कुठे करायचा, कॅथलिक पक्षाने कोणती वचने द्यायची, मुलांच्या बाप्तिस्म्याचे काय, हे सगळे मी वीस मिनिटे समजावून सांगितले. त्यात एक शब्द चुकीचा नव्हता. ते ऐकत राहिले, मग उठले, ‘‘बरं फादर, येतो,’’ म्हणाले आणि गेले.

पंधरा दिवसांनी त्यांच्या पत्नी भेटल्या तेव्हा उलगडा झाला. नियम त्यांना आधीच माहीत होते. बाप-लेक महिनाभर एका छपराखाली राहून एकमेकांशी बोलत नव्हते, आणि सुरुवात कशी करावी हे त्या बापाला सुचत नव्हते. तेवढेच सांगायला ते आले होते. मी पाठ केलेले वाजवून मोकळा झालो. समोरचा कोणत्या सुरावर थांबला आहे, हे ऐकायला माझ्यापाशी क्षणभर सवड नव्हती. माझ्या अभ्यासात खोट नव्हती. खोट होती ती अशी की, ज्या अभ्यासाने कान मोकळे व्हायला हवे होते त्याच अभ्यासाने मी ते बुजवून घेतले.

तो विवाह यथाविधी परवानगी घेऊन आमच्याच मंदिरात झाला. वधूपिता पहिल्या बाकावर बसले होते. व्हायोलिन त्या दिवशी त्यांच्या हाती नव्हते. पुढे मी त्यांची क्षमा मागितली. ते चटकन म्हणाले, ‘‘नाही फादर, तुम्ही सांगितलं ते सगळं बरोबरच होतं.’’ त्यांनी ते मला बरे वाटावे म्हणून म्हटले हे मी जाणतो. परंतु ‘बरोबरच होतं’ हे शब्द अजून माझ्या पाठीशी लागलेले आहेत.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येतो. दुसऱ्याचे मनापासून ऐकले तर आपले काय उरेल? मला वाटते, ज्याची मुळे वरवरची आहेत त्याचे फारसे उरणार नाही, आणि ही भीती खरी मानून आपण आपल्या मुलांची मुळे खोल नेण्याचे काम करावे. त्यांना प्रार्थना द्यावी, शास्त्र द्यावे, रविवारची मिस्सा द्यावी. हा आपला रियाज आहे. तो टाळून नुसत्या मोकळेपणाच्या गप्पा मारणारा माणूस तालीम न झालेल्या वादकासारखा आहे. त्याच्यापाशी दुसऱ्याला देण्याजोगे काही नसते. परंतु रियाज झाल्यावर मैफलीला बसायचेच नाही असे ठरवले, तर तो रियाज कशासाठी केला, याचे उत्तर प्रभूपुढे द्यावे लागेल. आपल्या भाषेत साथ आणि सोबत हे शब्द जवळजवळ एकाच अर्थाचे आहेत. जो दुसऱ्याला साथ करतो तो त्याच्या सोबत असतो, त्याच्या जागी नसतो.

त्या ध्वनिमुद्रणातील शेवटची रचना आहे ‘ईसा लेई’. हे फिजी बेटांतले निरोपाचे गीत आहे. ते ना राजस्थानचे, ना कॅलिफोर्नियाचे. दोन परंपरांचे साधक एकमेकांना ऐकून झाल्यावर, दोघांपैकी कुणाचेही नसलेले तिसरे गीत वाजवीत एकमेकांचा निरोप घेतात. मी ते आजही कधीमधी ऐकतो. ऐकताना त्या चौतीस मुलांची आठवण होते, आणि व्हायोलिन घरी ठेवून आलेल्या एका बापाची. मग दाराची घंटा वाजते, कुणीतरी आत येऊन म्हणते, ‘‘फादर, जरा बोलायचं होतं.’’ मी टेप बंद करतो, समोर खुर्ची सरकवतो आणि त्या माणसाचे पहिले वाक्य पुरे होईपर्यंत तोंड न उघडण्याचा प्रयत्न करतो. नेहमी साधते असे नाही.